बाहेरून लावलेली कडी

४ नोव्हेंबर
मुलगा आला होता. पुन्हा तोच विषय. म्हणाला, बाबा, आता तुम्ही दोघांनी एकटं राहायचं नाही, आमच्याकडे या, मागची खोली रिकामीच आहे. मी म्हटलं, दोघं आहोत, मग एकटे कसे? तो म्हणाला, परवा एका दिवसात तुम्ही मला अकरा फोन केलेत. हे खोटं आहे. दहा केले. अकरावा फक्त आधीचे दहा पोचले का ते विचारायला होता.

सुनेची रजा रद्द झाली म्हणून त्यांचं जंगलातलं बुकिंग वाया जाणार होतं. नॅशनल पार्क, चार दिवस, लाकडी खोली. मी तिथल्या तिथे पैज लावली. आम्ही दोघं जातो. चार दिवसांत घाबरून एकही फोन केला नाही, तर घर सोडायचा विषय कायमचा बंद. केला, तर महिनाअखेर सामान हलवायचं. मुलाने हात मिळवला. हसत होता. हसू दे.

ही भाजी निवडत होती. म्हणाली, मला कोणी विचारलंय का? मी म्हटलं, हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय.

७ नोव्हेंबर
बॅगा भरल्या. ठराव:
१. शांत राहायचं.
२. ब्लडप्रेशर दिवसातून दोनदाच बघायचं.
३. महत्त्वाच्या वस्तू (फोन, तिकिटं, किल्ल्या, ही वही) माझ्याच कोटात. हिचा फोन मागच्या महिन्यात बादलीत पडला, तो पुन्हा घेतलेला नाही. एक पुरतो. दोन फोन म्हणजे दोन टेन्शन.

हिने एक अट घातली. तिथे जाऊन मला कोंडू नका म्हणाली. हे तिचं जुनं गाऱ्हाणं. मी कागदाच्या गोदामात चौतीस वर्षं काढली. बाहेर पडलं की मागे वळून कडी लावायची, मगच पुढचं पाऊल. आमचे साहेब म्हणायचे, या माणसाच्या हातून दार उघडं राहायचं नाही. तो हात आता काय बदलणार? या वर्षी दोनदा दूध आणायला जाताना ही आत असताना बाहेरून कडी लागली. दोन्ही वेळा शेजारणीने काढली. एवढ्यावरून कोंडणं म्हणायचं म्हणजे अति झालं.

९ नोव्हेंबर, दुपार
पोचलो. तीन खोल्या, एकमेकींपासून लांब लांब. आमची अगदी शेवटची. बाकीच्या दोन रिकाम्या. बाथरूम खोलीत नाही, बाहेर वेगळं आहे. वीस पावलं. तक्रार करणार होतो, पण तक्रार केली की घाबरलो असं म्हणतात.

गार्ड आला. गळ्यात मफलर. त्याचं नाव लक्षात राहिलं नाही, मफलर म्हणू. म्हणाला, काका, खायचं जे काही असेल ते ऑफिसच्या लोखंडी कपाटात जमा करा. बिस्कीट, फळं, गोड काहीही. खोलीत एक दाणा ठेवायचा नाही. अस्वलाला लांबून वास लागतो. हिने लगेच सगळा डबा काढून दिला.

मी सहा केळी ठेवून घेतली. पोटाचा प्रश्न आहे. पहाटे एक केळं पोटात गेल्याशिवाय माझं काही होत नाही, हे अस्वलाला काय माहीत. शाल असते त्या हिच्या पिशवीत तळाशी ठेवली, पिशवी हिच्या खाटेखाली. हिला सांगितलं नाही. कोणी विचारलं की ही खरं सांगते.

१० नोव्हेंबर
सकाळी एक केळं. परिणाम उत्तम.

जीपमधून फिरवलं. चार हरणं दिसली, तीही पाठमोरी. चिखलात अस्वलाचा पंजा उमटलेला होता, जेवायच्या ताटाएवढा. मफलरने जीप थांबवून दाखवला. मी म्हटलं जुना असेल. तो म्हणाला, आज पहाटेचा. मग इथे गाडी कशाला थांबवायची, मी विचारलं. तो आणि ही, दोघंही हसले. विचारण्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

अस्वल समोर आलं तर काय करायचं ते त्याने सांगितलं. पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. हळू आवाजात बोलत राहायचं आणि हळूहळू मागे सरायचं. मी सगळं इथे उतरवून घेतलं. दुपारी खोलीत सराव केला. मागे सरताना खाटेला पोटरी लागली आणि बसलो. ही म्हणाली, अस्वल असतं तर हसून हसून मेलं असतं.

ही मजेत आहे. दोन तास पायरीवर बसून एक पक्षी झाडाला भोक पाडतो ते बघत होती. म्हणाली, इतकी शांतता कधी मिळाली नव्हती. मी तिथेच बोलत बसलो होतो, तरी असं म्हणाली.

फोन दिवसभरात सात वेळा हातात घेतला. सातही वेळा फक्त वेळ बघितली. एकही फोन नाही. निम्मे दिवस संपले. विषय बंद झाल्यातच जमा. मुलाला काय सांगायचं ती वाक्यं तयार करून ठेवली आहेत.

११ नोव्हेंबर, सकाळी ६:०५
बाथरूममध्ये. पेन्सिलीने लिहितो आहे. अक्षर हलतंय ते थंडीमुळे.

झालं ते क्रमाने नोंदवून ठेवतो, पुढे कोणी विचारलं तर उपयोगी पडेल. पावणेसहाला उठलो. केळ्यासाठी खाटेखाली हात घातला, तेवढ्यात हिने कूस बदलली म्हणून हात मागे घेतला. पोट ऐकेना. कोट चढवून बाहेर आलो, कडी लावली, वीस पावलं चाललो. इथलं काम आटोपलं. परत जायला दार उघडलं. उजाडलं होतं, धुकं होतं. बाथरूमच्या पायरीपासून सात-आठ पावलांवर कोणीतरी काळं कांबळं टाकलेलं दिसलं. आपलं की काय म्हणून बघत होतो. कांबळ्याने डोकं वर केलं.

मी पळालो नाही. पाठ दाखवली नाही. नियमाप्रमाणे हळूहळू मागे सरलो. तीन पावलं. आत तेवढीच जागा आहे. दार लावलं. सराव कामाला आला.

६:०९
दाराखाली चार बोटं फट आहे. फटीतून श्वास येतोय. गरम. ओल्या पोत्यासारखा वास. माझी चप्पल फटीपाशी होती, ती पायाने मागे ओढली.

हळू बोलायचं असतं. काय बोलावं सुचेना. मी कागदाच्या गोदामात चौतीस वर्षं होतो असं सांगितलं. ते थांबलं. मग नखं दारावरून वरून खालपर्यंत ओढली. एकदाच. घाई नाही काही.

६:१४
गेलं दारापासून.

बादली उलटी ठेवून झरोक्यापाशी चढलो आहे. आमची खोली बाजूने दिसते. डावीकडे दाराची पायरी, उजवीकडे मागची खिडकी. अस्वल खिडकीच्या बाजूला चाललंय. रमतगमत, नाक वर करून. त्या खिडकीची झडप मीच उघडी ठेवली होती, हवा खेळती राहावी म्हणून. नुसती जाळी आहे. खिडकीखाली हिची खाट.

६:१६
केळी.

६:१८
मागच्या पायांवर उभं राहिलं. खिडकीपेक्षा उंच आहे. नाक जाळीला लावलं, जाळी आत वाकली. आतून आवाज नाही. म्हणजे ही झोपेत आहे. किंवा जागी आहे.

आता आमच्या खोलीच्या दाराचा आवाज आला. कोणीतरी आतून ओढलं. पुन्हा ओढलं.

कडी.

६:२०
ही हाक मारते आहे. अहो, कडी काढा. आवाज मोठा नाही. गॅस बंद करा म्हणते तसा.

नीट विचार करायला हवा. दार माझ्या बाजूला, माझ्यापासून वीस पावलं. खिडकी पलीकडे. खोलीला वळसा घालून दारापाशी यायला अस्वलाला तीस तरी लागतील. म्हणजे हिशोबाने मी आधी पोचतो, कडी काढतो, ही बाहेर येते, दोघं इथे येतो, कडी लावतो. ही माझी पावलं झाली. अस्वलाचं पाऊल केवढं असतं ते मोजलेलं नाही.

६:२२
शिवाय कडी लागलेली आहे म्हणजे दाराने ते आत जाऊ शकत नाही. एका दृष्टीने बघितलं तर मी हिला सुरक्षितच करून आलो आहे. फक्त खिडकीचा प्रश्न राहतो.

६:२४
इथे दारावर आतल्या बाजूने पाटी आहे. अडचण आल्यास ऑफिसला फोन करावा. खाली नंबर. फोन माझ्या खिशात. रेंज एक काडी.

ऑफिसला फोन केला की ते रजिस्टरमध्ये लिहिणार. बुकिंगच्या फॉर्मवर मुलाचा नंबर. ते त्याला कळवणार. म्हणजे महिनाअखेर सामान. चाळीस वर्षांचं घर एका अस्वलापायी सोडायचं का? पैजेत फोन कोणाला करायचा नाही ते ठरलं नव्हतं, असंही म्हणता येईल. पण मुलगा ऐकायचा नाही.

दोन मिनिटं थांबतो. कंटाळून जाईल ते.

६:२७
जाळी फाटली. हात आत गेला, खांद्यापर्यंत. ही आता ओरडते आहे. अहो, आत येतंय ते, कडी काढा.

मी दार उघडून बाहेर पाऊल टाकलं. दोन पावलं. दोन टाकली, हे नोंदवून ठेवतो. तेवढ्यात त्याने हात बाहेर काढला आणि अंग झटकलं. मी परत आलो. अठरा राहिली होती.

६:२९
फाटलेल्या जाळीतून एक केळं बाहेर येऊन पडलं. अस्वल खाली बसलं. सालासकट खाल्लं. पुन्हा उभं राहिलं. दुसरं केळं, आता जरा लांब.

पिशवी सापडली म्हणजे. अशा वेळी माझ्या मनात पहिलं हेच आलं की आता हिला कळलं. हे लिहू नये असं वाटतं, पण लिहिलं.

६:३२
चार झाली. एका केळ्याला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

पाचवं फेकलं. खूप लांब फेकलं, झुडपाशी. ते गेलं तिकडे.

सहा होती. एक काल मी खाल्लं.

६:३३
परत आलं. उभं राहिलं. आतून आता काही फेकलं जात नाही. दार धडाधड वाजतंय.

६:३७
फोन केला. ऑफिसचा नंबर लावत होतो, बोट घसरलं, मुलाला लागला. त्याचंच नाव सगळ्यात वर असतं. जे बोलणं झालं ते असं.

तो झोपेत होता. काय झालं बाबा? मी म्हटलं, काही नाही, सहज केला, हवा छान आहे. तो म्हणाला, आई कुठे आहे? म्हटलं, खोलीत. आणि तुम्ही? बाथरूममध्ये. मग म्हणाला, ओरडतंय कोण? मी म्हटलं, पक्षी आहे, इथे फार पक्षी. तेवढ्यात पक्षी म्हणाला, अहो, कडी काढा हो.

फोन बंद झाला. त्याने ठेवला की रेंज गेली ते सांगता येत नाही.

६:४२
पत्रे वाजतायत. मफलर आणि ऑफिसमधला स्वयंपाकी, दोघं पत्रा बडवत, ओरडत येतायत. अस्वलाचं डोकं आणि एक खांदा खिडकीच्या आत होता. ते बाहेर निघालं. झाडीकडे गेलं. पळालं नाही. जाता जाता झुडपापाशी थांबून काही राहिलंय का ते बघितलं.

मफलरने कडी काढली. ही बाहेर आली, पायरीवर बसली. मग आडवी झाली. स्वयंपाक्याने तिचं डोकं धरलं.

६:५५
अजून बाहेर गेलो नाही. परिस्थिती पूर्ण निवळू देतो. तिथे गर्दी करण्यात अर्थ नाही.

७:१०
मफलरने दार ठोकलं. म्हणाला, काका, या आता, गेलं ते. मी म्हटलं, मला माहीत आहे, मी नजर ठेवून होतो.

११ नोव्हेंबर, दुपार
शांत डोक्याने आढावा घेतला. मी वेळेवर फोन केला. मुलाने ऑफिसला कळवलं. माणसं आली. एकाचा जीव वाचवायला तीन माणसांची साखळी लागते, तिची पहिली कडी मी होतो. केळी नसती तर काय झालं असतं, हाही विचार करायला हवा. ती कोणी आणली होती?

हे शेवटचं मी मफलरला बोललो. तो म्हणाला, काका, केळी नसती तर ते आलंच नसतं. हा त्याचा अंदाज.

हिच्या दंडाला पाच ओरखडे आहेत. खोल नाहीत. मलम लावलं, इंजेक्शन दिलं. ही स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून आहे, स्वयंपाक्याशी बोलते आहे. मी जवळ गेलो की बोलणं थांबतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. वीस पावलं, तीस पावलं, अस्वलाचा वेग, रेंज. तिने चहा संपवला. मग म्हणाली, मी दाराच्या फटीतून बघत होते. तुम्ही दोन पावलं आला होतात. मी म्हटलं, आलो होतो ना? ती म्हणाली, हो. तेच म्हणते आहे मी.

मला बरं वाटलं. नंतर, का कोण जाणे, वाटेनासं झालं.

संध्याकाळी पाच
मुलगा गाडी घेऊन आला. दहा तासांचा रस्ता. आईला पोटाशी धरून बराच वेळ उभा होता. मला म्हणाला, तुम्ही बरे आहात ना? हो म्हटलं. तयार ठेवलेली वाक्यं बोलायची ही वेळ नव्हती.

१३ नोव्हेंबर
घरी. ब्लडप्रेशर बघितलं. चार वेळा, पण एकदा यंत्रच नीट लागलं नव्हतं.

मुलाला पैजेचा मुद्दा समजावून सांगितला. घाबरून फोन करायचा नाही असं ठरलं होतं. मी घाबरून केला नाही, चुकून केला. बोललो तेही हवेबद्दल. म्हणजे पैज हरलेलो नाही. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाबा, तुम्ही जिंकलात. विषय बंद. तुम्ही इथेच राहा, मी पुन्हा काढणार नाही.

एवढ्या सहज मानेल असं वाटलं नव्हतं. पुढे म्हणाला, आई येते आहे आमच्याकडे. ती पैज तुमची-माझी होती.

हिला विचारलं. ती कपाटातून साड्या काढत होती. म्हणाली, मला एक खोली हवी आहे, जिची कडी मी लावीन. मी म्हटलं, राग जाईल चार दिवसांनी. ती म्हणाली, राग नाहीये. हे तिने खरंच रागाशिवाय म्हटलं.

१४ नोव्हेंबर
ठराव: मी हलणार नाही. चाळीस वर्षांचं घर आहे. एका माणसाला लागतंच काय? एक पातेलं, एक ताट, एक वाटी वेगळी काढली. कुकर लावायचा कसा ते हिला विचारायला गेलो, मग तसाच परत आलो. पुस्तिका असेल कुठेतरी.

त्यांना एक-दोन दिवसांत चूक कळेल. मग विनवण्या सुरू होतील. लगेच हो म्हणायचं नाही. निदान तीन वेळा आग्रह करायला लावायचा. शेवटी, तुमच्या समाधानासाठी येतो, असं म्हणायचं.

१६ नोव्हेंबर
अजून कोणी विचारलं नाही. मुलगा दोनदा येऊन गेला. खोके आणले. मी मुद्दाम समोरच बसलो होतो, म्हणजे विचारायला सोपं जावं. तो म्हणाला, बाबा, जरा पाय घ्या, खोका सरकवायचा आहे.

सुनेने फोनवर चौकशी केली. हिची.

१८ नोव्हेंबर, सकाळी ८
आज टेम्पो येणार. दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला. जाण्यासाठी नाही, शेजारी बघतात म्हणून.

१०:३०
हिचं कपाट गेलं. हिची खाट गेली. टेम्पोवाल्याने माझ्या खाटेला हात घातला, तर मुलगा म्हणाला, ती राहू दे. बरोबर आहे. माझंच म्हणणं होतं ते.

११:१५
सामान गेल्यावर खोलीत खोकलं तरी मोठ्याने ऐकू येतं. दोनदा खोकून बघितलं. कोणी आत आलं नाही.

११:४०
ही शेजारणीचा निरोप घेऊन आली. देवळीतल्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. औषधं कुठल्या डब्यात आहेत ते सांगितलं. सकाळची पिवळी, जेवणानंतरची पांढरी. मी म्हटलं, माहीत आहे. माहीत नव्हतं. ती पुन्हा सांगत बसली नाही.

खाली जायला निघाली. जिन्यात थांबली. वळून म्हणाली, येताय?

मी म्हटलं, बघू, विचार करतो.

ती बरं म्हणाली आणि उतरायला लागली.

दुपारी १
मुलाकडे. टेम्पोत पुढे जागा नव्हती, मागे कपाटाला टेकून आलो. गादी राहिली तिकडेच. रिकामी खोली एकच आहे, तीत हिची खाट लागली. मला आज बाहेर सोफ्यावर झोपा म्हणाले आहेत, उद्याचं उद्या बघू.